फ्री थ्रो चुकणारा नायक: मिलवॉकी बक्स, २०२१

२० जुलै २०२१ च्या रात्री मिलवॉकी बक्सनी फिनिक्स सन्सना अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात १०५–९८ असं हरवलं आणि तब्बल ५० वर्षांनी एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, अजिंक्यपद मिलवॉकीत परत आणलं. आपल्याकडे तेव्हा २१ जुलैची सकाळ होती, सामना साडेसहाला सुरू झाला होता. यानिस आंतेतोकुंपोनं ५० गुण केले, १४ रिबाउंड (शॉट चुकल्यावर पकडलेले बॉल) घेतले, समोरच्यांचे ५ शॉट अडवले. पण त्या सामन्याच्या गुणपत्रकातला जो आकडा मी आमच्या मुलांना सगळ्यात आधी दाखवतो, तो यातला नाही. तो आकडा आहे १९ पैकी १७. एवढे फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून कोणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट, त्यानं त्या रात्री आत घातले. आणि हे १७ धरूनसुद्धा त्या वर्षीच्या प्लेऑफमधली, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांमधली, त्याची सरासरी ५८.७ टक्क्यांवरच राहिली. एनबीएत फ्री थ्रोची साधारण सरासरी ७५ टक्क्यांच्या वर असते.

मी गोव्यात फोंडा तालुक्यात शाळेच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही शाळेच्या संघाच्या सरांना विचारा, हाताशी सर्वगुणसंपन्न खेळाडू कोणाकडेच नसतो. फुटबॉल आणि क्रिकेट आपापली मुलं घेऊन गेली की उरलेल्यांतून संघ उभा करायचा. एखादा उंच असतो, पण त्याला ड्रिबल येत नाही. एखाद्याचा हात सुरेख, पण बचावात तो पाय हलवत नाही. म्हणून ‘उघड खोट असलेल्या मोठ्या खेळाडूंच्या जोरावर अजिंक्यपद जिंकता येतं का?’ हा प्रश्न आमच्यासाठी गप्पांचा विषय नाही. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात, तालुका पातळीच्या स्पर्धा तोंडावर आल्या की तो आमच्यापुढे उभा राहतो. त्याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात स्पष्ट उत्तर म्हणजे बक्सचा २०२१ चा हंगाम, म्हणून तो इथे पूर्ण मांडतो आहे.

खोट काय होती

यानिसचा जन्म १९९४ चा, अथेन्समधला. आईवडील नायजेरियाहून ग्रीसमध्ये आलेले. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मिलवॉकीनं त्याला पंधराव्या क्रमांकावर उचललं. २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ दोन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२० मध्ये सर्वोत्तम बचावपटूही तोच. त्यामुळे त्याच्या गुणवत्तेबद्दल कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती प्लेऑफबद्दल.

२०१८-१९ मध्ये बक्सनी ६० सामने जिंकले. कॉन्फरन्सच्या (लीगच्या पूर्व गटाच्या) अंतिम फेरीत टोरोंटोविरुद्ध २–० अशी आघाडी घेतली आणि मग सलग चार सामने गमावले. टोरोंटोनं केलं ते अगदी साधं होतं. कवाय लेनर्डला यानिसच्या अंगावर ठेवलं आणि त्याच्या मागे आणखी दोघेजण रिंगच्या वाटेत उभे केले. लोक त्याला ‘भिंत’ म्हणू लागले. यानिसला बाहेरून भरवशाचा शॉट नाही, मग त्याला बाहेर मोकळा सोडायला भ्यायचं कशाला? पुढच्या वर्षी बक्स पुन्हा लीगमध्ये पहिले, ५६ विजय आणि १७ पराभव. दुसऱ्याच फेरीत मायामीनं तीच भिंत बांधली आणि ४–१ असं घरी पाठवलं. त्या मालिकेत यानिसचा घोटाही दुखावला होता हे खरं, पण त्यामुळे तो मैदानाबाहेर जायच्या आधीच मालिका ३–० झाली होती.

आणि मग फ्री थ्रो. रेषेवर उभं राहिल्यावर यानिस फार वेळ घेत असे. एनबीएच्या नियमात दहा सेकंद मिळतात आणि तो त्यांच्या काठाला जाऊन पोहोचत असे. २०२१ च्या प्लेऑफमध्ये पंचांनी त्याला यावरून पकडलंही. मग बाहेरगावच्या प्रत्येक मैदानावर प्रेक्षक एकसुरात आकडे मोजू लागले. हजारो लोकांनी तुमची खोट मोठ्यानं मोजायची, तीही तुम्ही ती लपवू शकत नाही अशा एकमेव जागी उभे असताना. खेळात याहून उघडी जागा मला माहीत नाही.

बाकीच्यांकडेही एकेक गोष्ट होतीच. ख्रिस मिडल्टनचा हात एखाद्या दिवशी असा तापायचा की थांबायचं नाव नाही, आणि दुसऱ्या दिवशी पार थंड. सन्सविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात त्याचे ११ गुण होते, चौथ्यात ४०. ब्रुक लोपेझ रिंगखाली डोंगरासारखा, पण उघड्यावर चपळ गार्ड (बॉल खेळवणारा खेळाडू) समोर आला की त्याचे पाय पुरत नसत. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात फिनिक्सच्या ख्रिस पॉलनं ३२ गुण केले, ते बरेचसे याच फटीतून. ज्रू हॉलिडे बचावात लीगमधल्या पहिल्या काहींमधला, पण त्या अंतिम फेरीत काही सामन्यांत त्याचे शॉट पडतच नव्हते: चौथ्या सामन्यात २० पैकी ४, सहाव्यात १९ पैकी ४. प्रशिक्षक माइक बुडेनहोल्झर यांच्यावर आरोप होता की समोरचा बदलला तरी ते आपली योजना बदलत नाहीत.

असा हा संघ, आणि तो जिंकला.

आधी हिशेब

खोट किती मोठी आहे हे ओरडण्यावरून ठरत नाही, हिशेबावरून ठरतं. हा हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवतो, कारण तो समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही.

त्या हंगामात एनबीएचे संघ शंभर चालींमध्ये (चाल म्हणजे बॉल हाती आल्यापासून जाईपर्यंतचा एक हल्ला) सरासरी ११२ च्या आसपास गुण करत होते. म्हणजे एका चालीची किंमत साधारण १.१२ गुण. आता यानिसला फाउल करून दोन फ्री थ्रोंसाठी रेषेवर पाठवलं, तर ५८.७ टक्क्यांच्या हिशेबानं त्या चालीतून १.१७ गुण मिळतात. म्हणजे त्याला मुद्दाम पाडून समोरच्याचा फायदा होतच नाही. वर समोरच्याच्या खात्यावर एक फाउल चढतो आणि त्याचा उंच माणूस बाकाच्या दिशेनं सरकतो. शकील ओनील या रिंगखालच्या धिप्पाड सेंटरचं हेच होतं. त्याची कारकिर्दीतली फ्री थ्रोची सरासरी ५२.७ टक्के, म्हणजे दोन फ्री थ्रोंना १.०५ गुण (त्याच्या काळात एका चालीची किंमतही कमी होती), आणि त्याच्या नावावर चार अजिंक्यपदं. त्याला मुद्दाम फाउल करण्याच्या डावपेचाला स्वतःचं नाव पडलं, तरी त्या डावपेचानं त्याला अडवता आलं नाही.

पण हा हिशेब एका ठिकाणी येऊन मोडतो. टक्केवारी तीसच्या घरात गेली की दोन फ्री थ्रोंतून पाऊण गुणही मिळत नाही. तिथे समोरच्यानं मुद्दाम फाउल करणं हाच शहाणपणा. म्हणजे प्रत्येक खोटेला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे ती दिसायला वाईट दिसते, पण संघाला परवडते. पलीकडे गेली की संघ बुडतो. तेव्हा चर्चा करताना खोट उंबरठ्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे आधी बघायला हवं.

शाळेच्या पातळीवर तर एका चालीतून मिळणारे गुण यापेक्षा कितीतरी कमी असतात. त्यामुळे अर्धेच फ्री थ्रो आत घालणारा आमचा मुलगासुद्धा तोट्याचा नसतो. हे आकडे फळ्यावर पाहिले की मुलांचे चेहरे बदलतात.

त्याच वर्षीचा दुसरा संघ

बक्सचं प्रकरण एकट्यानं वाचलं तर ‘मेहनत केली, जिंकले’ एवढंच हाती लागतं. शेजारी फिलाडेल्फिया ठेवल्यावर ते उघडतं. त्या वर्षी पूर्व गटात पहिल्या क्रमांकावर फिलाडेल्फिया होतं, बक्स तिसऱ्यावर. फिलाडेल्फियाकडे जोएल एम्बीड आणि बेन सिमन्स. सिमन्स २०१६ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, उंच, वेगवान, पास अप्रतिम, बचाव लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी. खोट यानिससारखीच: बाहेरून शॉट नाही आणि फ्री थ्रो कच्चे.

त्या प्लेऑफमध्ये सिमन्सनं ७३ पैकी २५ फ्री थ्रो घातले, ३४.२ टक्के. उंबरठ्याच्या बऱ्याच पलीकडे. दुसऱ्या फेरीत अटलांटानं त्याला मुद्दाम पाडायला सुरुवात केली. आणि मग जे झालं ते टक्केवारीहून वाईट होतं. सिमन्स रेषेपासून पळू लागला. चौथ्या क्वार्टरमध्ये तो शॉट घेईनासा झाला, कारण शॉट घ्यायला गेलं की फाउल, आणि फाउल म्हणजे रेषा. सातव्या सामन्यात, २० जून २०२१ ला, सुमारे साडेतीन मिनिटं उरलेली असताना तो रिंगखाली पोहोचला. डंकसाठी, म्हणजे बॉल हातानंच रिंगमध्ये कोंबायला, वाट मोकळी होती. त्यानं बॉल साथीदार मॅटिस थायबुलकडे देऊन टाकला. फिलाडेल्फिया ९६–१०३ असं हरलं. सिमन्स पुन्हा त्या संघाकडून एकही सामना खेळला नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्याला ब्रुकलिनला पाठवलं गेलं.

मला त्या मुलाबद्दल वाईट वाटतं. तो क्षण जगभर पुन्हा पुन्हा दाखवला गेला. पण शिक्षक म्हणून मला तो दाखवावाच लागतो, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. यानिसनं त्याच प्लेऑफमध्ये दर सामन्याला दहाच्या आसपास फ्री थ्रो घेतले. चुकले, लोकांनी मोजले, पंचांनी पकडलं, तरी पुढच्या चालीला तो पुन्हा खांदा पुढे करून रिंगकडे निघाला. त्याची खोट फ्री थ्रोच्या रेषेपुरतीच राहिली. सिमन्सची खोट त्या रेषेवरून उतरली आणि सगळ्या मैदानावर पसरली. तिनं त्याचे डंक खाल्ले, त्याचे लेअप खाल्ले, शेवटी त्याचा संघही खाल्ला.

आमच्याकडे जत्रेत देवळापुढे मराठी संगीत नाटक होतं तेव्हा असं पुष्कळदा दिसतं. मुख्य भूमिकेतला माणूस उभा राहिला की रंगमंच भरतो, पण गळा बेताचा. जाणता दिग्दर्शक त्याची दोन पदं दुसऱ्या पात्राकडे देतो, एक त्याच्याकडेच ठेवतो. ते एक पद तो कसंही म्हणो, लोक त्याला सांभाळून घेतात. पण पदाच्या धास्तीनं तो संवादातही पुटपुटायला लागला, तर नाटक पडतं.

मिलवॉकीनं काय केलं

खेळाडूंची खोट झाकायला संघानं काय केलं, हा भाग मला सगळ्यात जास्त शिकवून जातो.

नोव्हेंबर २०२० मध्ये बक्सनी ज्रू हॉलिडेला आणलं. किंमत जबर होती: एरिक ब्लेडसो, जॉर्ज हिल, ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे तीन हक्क आणि वर दोन अदलाबदलीचे हक्क. यानिसला शॉट शिकवण्यावर सगळी भिस्त ठेवण्यापेक्षा, भिंत उभी राहिल्यावर बॉल कोणाच्या हातात असेल याची व्यवस्था त्यांनी केली. मार्चमध्ये ह्यूस्टनहून पी. जे. टकर आला. तो गुण फारसे करत नाही, पण समोरच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूच्या अंगावर तासभर चिकटून राहतो. आणि हंगामात बचावाच्या दोन-तीन पद्धती घोटून घेतल्या गेल्या. प्लेऑफमध्ये एकच पत्ता खेळायची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी.

आक्रमणातला बदल बारीक होता, पण महत्त्वाचा. आधीच्या वर्षांत यानिस वरून बॉल घेऊन सरळ भिंतीवर जायचा. आता बऱ्याच चालींत बॉल मिडल्टन किंवा हॉलिडेकडे आणि यानिस त्यांना स्क्रीन द्यायला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आड उभं राहायला. स्क्रीन देऊन तो वळला की धावत्या पावलांनी, रिंगच्या जवळ, त्याच्या हातात बॉल. भिंत बांधायला वेळ लागतो, तो वेळच त्यांनी काढून घेतला. अंतिम फेरीत यानिसचे मैदानातून ६१.८ टक्के शॉट पडले, सरासरी ३५.२ गुण आणि १३.२ रिबाउंड. बाहेरचा शॉट मात्र त्याला शेवटपर्यंत आलाच नाही. त्या प्लेऑफमध्ये त्याच्या पाच तीन-गुणी प्रयत्नांमागे एकही पुरता पडला नाही. खोट होती तिथेच होती, फक्त तिच्यावर खेळ अवलंबून राहिला नाही.

पाचव्या सामन्याचे शेवटचे क्षण मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो. फिनिक्सचं मैदान, मालिका २–२, बक्स १२०–११९ असे एका गुणानं पुढे. बॉल फिनिक्सच्या डेव्हिन बुकरकडे, तो रिंगखाली घुसला आणि वळला, तेव्हा हॉलिडेनं त्याच्या हातातून बॉल अक्षरशः ओरबाडला. समोर यानिस धावत हात वर करून बॉल मागतोय. शहाणपण सांगतं, घड्याळ खाऊन घे. हॉलिडेनं बॉल रिंगजवळ उंच फेकला. यानिसनं तो हवेतच पकडून डंक केला, ख्रिस पॉलचा फाउलही मिळाला. १२२–११९. आता एक फ्री थ्रो. तो चुकला! आणि स्वतःच्याच चुकलेल्या शॉटवर यानिसचा हात पुन्हा आधी पोहोचला. त्यानं बॉल मागे टोलवला, तो मिडल्टनकडे गेला, त्याला फाउल झाला, त्यानं दोनपैकी एक घातला. १२३–११९.

एवढ्या काही सेकंदांत सगळं प्रकरण आहे. ज्याचे शॉट आदल्या सामन्यात पडले नव्हते त्यानं बचावात बॉल मिळवला. ज्याला फ्री थ्रो येत नाहीत तो रेषेवर जायची जोखीम घेऊन रिंगवर गेला. फ्री थ्रो चुकला, आणि चुकल्यावर काय करायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. अजिंक्यपद जिंकणारा संघ म्हणजे आपल्या चुका कुठे पडणार आहेत हे ठाऊक असलेला आणि तिथे आधीच माणूस उभा केलेला संघ, असं मी या सामन्यावरून मानतो.

चौथ्या सामन्यात फिनिक्सच्या डिआंड्रे एटनचा उंचावरचा डंक यानिसनं अडवला, तो फोटो जास्त गाजला. त्याच सामन्यात मिडल्टनचे ४० गुण होते आणि शेवटच्या मिनिटांत बॉल त्याच्याच हातात होता. आपल्या सर्वोत्तम खेळाडूनं शेवटचा बॉल दुसऱ्याकडे देणं यात कमीपणा मानला जातो, विशेषतः आपल्याकडे. यानिसनं तो मानला नाही.

नशिबाची बाजू

हे सांगितलं नाही तर प्रकरण अर्धवट राहील. दुसऱ्या फेरीत ब्रुकलिनचा कायरी अर्व्हिंग चौथ्या सामन्यात घोटा मुरगळून बाहेर गेला आणि जेम्स हार्डन दुखावलेल्या पायानं खेळला. सातव्या सामन्यात केविन ड्युरँटनं शेवटच्या सेकंदाला मारलेला शॉट तीन गुणांचा असता तर बक्सचा हंगाम तिथेच संपला असता. त्याच्या बुटाचं टोक रेषेवर होतं, म्हणून दोनच गुण मिळाले, सामना जादा वेळेत गेला आणि बक्स ११५–१११ असे सुटले. अटलांटाविरुद्ध ट्रे यंग दोन सामने खेळू शकला नाही.

पण त्याच अटलांटाविरुद्ध चौथ्या सामन्यात यानिसचा डावा गुडघा उलटा वाकला. ते दृश्य ज्यानं पाहिलं त्याला वाटलं, हंगाम गेला. पुढचे दोन सामने तो बाहेर होता. बक्सनी दोन्ही जिंकले, एकात लोपेझचे ३३ गुण, दुसऱ्यात मिडल्टनचे ३२. आठवड्याभरात यानिस अंतिम फेरीत उभा राहिला. नशीब आलं ते दोन्ही हातांनी घेण्याइतका संघ तयार होता. माझं मत असं की खोट असलेल्या संघाला नशिबाचा थोडा हात लागतोच. बिनखोट संघाला तो लागत नाही असं म्हणायला मात्र मी असा संघ अजून पाहिलेला नाही.

पुढे काय झालं

२०२२ मध्ये मिडल्टन जखमी होता आणि बक्स बोस्टनकडून सात सामन्यांत हरले. २०२३ मध्ये ते लीगमध्ये पहिले आले आणि पहिल्याच फेरीत, आठव्या क्रमांकाच्या मायामीकडून, ४–१ असे बाद झाले. शेवटच्या सामन्यात यानिसचे फ्री थ्रो: २३ पैकी १०. प्रशिक्षक गेले. त्याच वर्षी डेमियन लिलार्डला आणण्यासाठी हॉलिडेला सोडलं गेलं. तो बोस्टनला पोहोचला आणि २०२४ मध्ये तिथे पुन्हा अजिंक्य झाला.

म्हणजे १९ पैकी १७ ही खोट बरी झाल्याची खूण नव्हती. ती एका रात्रीची गोष्ट होती. ज्या व्यवस्थेनं त्या रात्रीपर्यंत पोहोचवलं ती व्यवस्था मोडली, आणि खोट होती तशीच पुन्हा उघडी पडली. हॉलिडेला सोडणं ही माझ्या मते मिलवॉकीची मोठी चूक. लिलार्ड हॉलिडेहून कितीतरी चांगला शूटर, पण यानिसच्या मागे जी जागा मोकळी राहते ती राखणारा माणूस तो नव्हे.

आमच्या मैदानावर

आपल्याकडे शालेय सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांनी होतात. फ्री थ्रोला दहाऐवजी पाचच सेकंद. ग्रीसकडून खेळताना यानिसलाही तेवढेच मिळतात. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, आणि क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाल्यावर पुढच्या प्रत्येक फाउलला दोन फ्री थ्रो. म्हणजे रेषा आमच्याकडेही वारंवार समोर येते.

आमच्या संघातला सेंटर उंच आहे, ताकदवान आहे, आणि फ्री थ्रोला गेला की त्याचे खांदे आखडतात. म्हापशाला पेडेच्या मैदानावर समोरच्या मुलांनी मोबाइलवर पाहिलेलं ते मोजणं सुरू केलं, ‘एक, दोन, तीन’ असं तालात. सामना संपल्यावर तो माझ्याकडे आला.

“सर, शेवटच्या दोन मिनिटांत मला बाहेर काढत जा.”

“का?”

“माझ्यामुळे हरतो आपण.”

मी त्याला सिमन्सचा तो पास दाखवला आणि मग यानिसचा पाचव्या सामन्यातला चुकलेला फ्री थ्रो. म्हटलं, “तुला बाहेर काढलं तर पुढच्या सामन्यात तू बॉलच मागणार नाहीस. तू चुकव. पण तिथे जा.”

तेव्हापासून सराव बदलला आहे. फ्री थ्रो आम्ही सरावाच्या शेवटी घेतो, धावून दम लागलेला असताना, आणि बाकीची मुलं बाजूला उभी राहून मोजतात. सेंटर रेषेवर असेल तेव्हा आमच्या दोन सगळ्यात चपळ रिबाउंडरांनी दोन्ही बाजूंच्या जागा घ्यायच्या, हे ठरलेलं आहे. शॉट चुकणार असं धरूनच ते उभे राहतात. सेंटरनं आपला चुकलेला शॉट रिंगला लागताच डाव्या अंगानं आत शिरायचं. वरून बॉल आणायचं काम त्याच्याकडून काढलं आहे. तो स्क्रीन देतो आणि वळतो. पावसात मैदान ओलं असलं की शाळेच्या व्हरांड्यातच पावलं घोटून घेतो, बॉलशिवाय. त्याचे फ्री थ्रो अजूनही निम्मेच पडतात, पण आता तो बॉल मागतो.

अडचण दुसरीकडे आहे. शेवटच्या मिनिटात ज्याच्या हातात बॉल द्यावा असा गार्ड आमच्याकडे नाही. एक मुलगी आहे, तिच्यात ती समज पुरेपूर आहे, पण मुलांच्या आणि मुलींच्या स्पर्धा वेगळ्या. सरावात मी तिला मुलांच्या गार्डांसमोर उभी करतो, म्हणजे दडपणात बॉल कसा राखायचा ते त्यांनी जवळून पाहावं. नववीतला एकजण शिकतो आहे. त्याचा शॉट यथातथाच आहे, पण परवा तिच्या हातातून त्यानं बॉल काढला आणि मान वर करून आधी सेंटर कुठे आहे ते बघितलं. तालुक्याच्या स्पर्धेला त्याला खेळवायचं ठरवलं आहे.